आठ दिवसांचा माल

ट्रस्टच्या ठरावावर सही करायला झमकूबाईंनी नकार दिला, तेव्हा बैठकीतल्या दोघातिघांना वाटलं, बाईंचं वय झालं, कागद नीट कळला नसेल. त्यांचा मुलगा पिंटूशेठ मात्र खाली मान घालून बसला. आईला कागद पुरता कळला आहे आणि अडचण तीच आहे, हे तो ओळखून होता.

नारायणगावच्या पेठेत त्यांचं खाली दुकान आणि वर घर. दुकान कृषी सेवा केंद्राचं. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं. झमकूबाईंचे यजमान हस्तीमलशेठ यांनी ते नावारूपाला आणलं. ते गेल्यावर त्यांच्या नावानं धर्मादाय ट्रस्ट निघाला आणि अध्यक्षपद आपसूक झमकूबाईंकडे आलं. ट्रस्टचा एक स्वस्तातला दवाखाना होता, मोतीबिंदूची शिबिरं व्हायची, उन्हाळ्यात भाकड जनावरांना चारा जायचा. नात रिद्धी पुण्याला शिकून आली आणि तिनं हा सगळा कारभार अंगावर घेतला.

आताचा ठराव डायलिसिसच्या मशिनींचा होता. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांचं रक्त मशिनीतून धुऊन काढावं लागतं, आणि त्यासाठी जुन्नर-आंबेगावकडची कितीतरी माणसं आठवड्यातून दोनतीनदा पुण्याची वारेमाप दगदग सोसत होती. मशिनी देणार होतं एका कंपनीचं फाउंडेशन. रिद्धीनं आजीला समजावलं होतं, "दादी, मोठ्या कंपन्यांना नफ्यातला वाटा समाजासाठी खर्चावा लागतो. त्या फाउंडेशन काढतात. आरोग्य आणि पर्यावरण, हे दोन विषय त्यांना आवडतात. पण खेड्यात काम करायला त्यांच्याकडे माणसं नसतात, म्हणून ते आपल्यासारखा गावचा ट्रस्ट शोधतात. मशिनी त्यांच्या, जागा आणि देखभाल आपली. वर कुकडी नदीच्या काठानं झाडंही लावून देणार आहेत."

"कंपनी कुठली?" झमकूबाईंनी विचारलं होतं.

रिद्धीनं नाव सांगितलं. ते नाव झमकूबाईंनी रोज वाचलेलं होतं. खालच्या दुकानातल्या निम्म्या डब्यांवर तेच होतं.

"म्हणजे विष विकायचं आणि त्यातून दवाखाना काढायचा," बैठकीत त्या म्हणाल्या.

"बाई, आपला दवाखाना तरी कशावर चालतो?" पिंटूशेठ आईला हळूच बोलून गेला, आणि बोलल्याबरोबर त्याला पस्तावा झाला. आई एवढंच म्हणाली, "पर्युषण होऊ दे. मग बघू."

रिद्धीनं कपाळावर हात मारून घेतला. फाउंडेशनची बैठक संवत्सरीच्या दुसऱ्याच दिवशी होती. तोवर सहीचं पत्र पोचलं नाही, तर मशिनी दुसऱ्या तालुक्यात जाणार होत्या.

पर्युषण म्हणजे जैनांचे आठ दिवस, भादव्याच्या आगेमागे येणारे. उपास, प्रवचन, स्वाध्याय. आणि शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, वर्षभरात दुखावलेल्या साऱ्या जिवांची क्षमा मागायची. झमकूबाई एरवीही मुंगी दिसली तर पाऊल उचलून पुढं टाकणाऱ्या. सून म्हणून आल्या त्याच काळात एका साध्वीजींच्या प्रवचनात त्यांनी ऐकलं होतं, की श्रावकानं, म्हणजे संसारी जैनानं, करू नयेत अशा पंधरा धंद्यांत विषाचा व्यापार येतो. घरी येऊन त्या नवऱ्यापुढं रडल्या होत्या. धंदा सोडता येत नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं. मग त्यांनी एवढंच मागितलं, "निदान पर्युषणात तरी दुकानात विष नको."

हस्तीमलशेठनी शब्द पाळला. त्या आठ दिवसांत औषधांची कपाटं रिकामी व्हायची, वर पांढरी चादर यायची. बी-खत तेवढं विकलं जायचं. शेतकरी थट्टा करायचे, "शेठ, टमाट्याच्या करप्याला कुठं कळतंय तुमचं पजूसण?" शेठ हसायचे आणि म्हणायचे, सोय होईल. स्थानकात, जैनांच्या प्रवचनाच्या जागी, मात्र बाईंचं कौतुक व्हायचं. एवढं नुकसान सोसून व्रत पाळणारं घर पंचक्रोशीत दुसरं नाही, असं चारचौघी म्हणायच्या, आणि ते ऐकताना झमकूबाईंना बरं वाटायचं. सोय कुठं आणि कशी होते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. झाकलेल्या कपाटाआड काय आहे ते बघायला कोण जातं?

पर्युषण लागलं. तिसऱ्या दिवशी रिद्धी आजीपुढं येऊन उभी राहिली. "दादी, नाही म्हणायचं तर म्हणा. पण आधी एकदा कुंडलिककाकांना बघून या."

कुंडलिक बोरी बुद्रुकचा टोमॅटो पिकवणारा शेतकरी. हस्तीमलशेठच्या अगदी विश्वासातला. दोघं जवळपास बरोबरीचे, एकमेकांच्या लग्नकार्यात राबलेले. त्याची मूत्रपिंडं गेली आहेत आणि तो पुण्याला खेपा घालतो, हे झमकूबाईंच्या कानावर होतं. भेटायला जाऊ, जाऊ, म्हणता राहून गेलं होतं. त्या लगेच उठल्या. उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली बरोबर घेतली आणि नातीच्या गाडीत बसल्या. खोडदच्या रानातल्या, आकाशाकडं तोंड केलेल्या अजस्र रेडिओ दुर्बिणी मागं टाकून गाडी बोरीच्या वाटेला लागली. दोन्ही अंगांना ऊस आणि टोमॅटोचे मळे होते, आणि ढगाळ हवेमुळं जिकडंतिकडं पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसत होती.

कुंडलिकाच्या बायकोनं, ठमाबाईनं, दारातच हात धरला. "या बाई, या. तुमचं पाय लागलं घराला. आवो, उठा, कोन आलंय बगा!"

घरात पाऊल टाकल्याबरोबर झमकूबाईंच्या नाकाला झोंबलं. खालच्या दुकानाचा वास होता तो. पण दुकानाला मोठं दार आहे, वारा आहे. इथं तो कोंडला होता. मधल्या खोलीत कॉटवर कुंडलिक पडला होता. अंगानं निम्मा झालेला, चेहरा काळवंडलेला, डाव्या हातावर सुया टोचून टोचून शीर दोरखंडासारखी फुगलेली. आणि कॉटच्या उशाशी, थेट पिठाच्या डब्याला लागून, भिंतीच्या निम्म्यापर्यंत खोकी रचली होती. खोक्यांवर त्याच कंपनीचं नाव होतं.

"हे काय?" झमकूबाईंनी विचारलं.

ठमाबाईला प्रश्नच कळला नाही. "आवं, तुमचाच माल बाई. दरसालचाच. ह्या आठ दिसात दुकानात चालत न्हाई नव्हं तुमास्नी."

"इथं? घरात?"

"मंग कुठं? भाईर ठिवला तर भिजतोय. चोरीबी व्हती. शेठ व्हते तवापसनं हितंच असतोय. बोरीची, साकोरीची, समदी मानसं हितनंच नेत्यात."

"आणि कुंडलिकराव झोपतात कुठं?"

"हितंच की. राखनीला," ठमाबाई सहज म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. कुंडलिकाचा मुलगा आदेश आत आला, एक खोकं फोडलं, डबा काढला आणि गिऱ्हाइकाच्या बाटलीत झाकणानं मापून औषध ओतू लागला. पूर्ण डबा न परवडणाऱ्याला असं सुटं द्यावं लागे. दोन थेंब त्याच्या बोटांवर ओघळले, ते त्यानं विजारीला पुसले. झमकूबाई त्या बोटांकडं बघत राहिल्या. आधी हे काम बाप करायचा, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्यांनी रिद्धीला तिथूनच पिंटूशेठला फोन लावायला सांगितला. "पिंटू, हा माल आत्ताच्या आत्ता इथून उचल."

पलीकडं पिंटूशेठ गडबडला. "बाई, आता कुठं ठेवू? दुकानात आणला तर तुमचं पर्युषण मोडतं. खोडदला आपलं एक जुनं गिऱ्हाईक आहे, त्याच्या घरी हलवू का?"

त्याच्या घरी. म्हणजे आणखी एक उशी, आणखी एक पिठाचा डबा. दुकानात आण, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण पर्युषणाचा तिसरा दिवस, उभ्या हयातीत न मोडलेलं व्रत, स्थानकातल्या चारचौघी. झमकूबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. खोटं कशाला सांगा, त्यांचं धैर्य तिथं संपलं. त्यांनी फोन नातीच्या हातात दिला, कुंडलिकाच्या पायाशी दोन मिनिटं बसल्या, प्रकृतीचं काहीबाही विचारलं आणि निघाल्या. खोकी होती तिथंच राहिली.

घरी आल्यावर त्यांनी अन्न सोडलं. प्रायश्चित्त म्हणून उरलेले सगळे दिवस उपास धरायचा असं ठरवलं, आणि संध्याकाळी मुलाला व नातीला समोर बसवून सांगितलं, "त्या कंपनीचा पैसा ट्रस्टमध्ये नको. आधीच पाप कमी झालेलं नाही. आता त्यात माझी सही घालायची नाही."

"बाई, दुकानात नको हे तुम्हीच म्हणाला होता," पिंटूशेठ म्हणाला. "पप्पांनी तुमच्या शब्दाखातर केलं. मी त्यांचं चालवलं. आता मला एकट्याला आरोपी करू नका."

"तुला कुठं करते? मलाच करते आहे."

आजीवर रिद्धीचा जीव होता, आणि म्हणूनच ती चिडली. "दादी, तुमच्या उपासानं कुंडलिककाकांचं रक्त धुतलं जाणार आहे का? तुम्ही नाही म्हणालात की तुमचे हात स्वच्छ. ते मात्र पहाटे उठून पुण्याची एस.टी. धरणार."

असं या घरात झमकूबाईंना कुणी बोललं नव्हतं. त्या उठल्या आणि सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसल्या. माळ हातात फिरत होती, पण मन कुठं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. प्रतिक्रमणात, दिवसभरातल्या चुका आठवायच्या पाठात, त्या पंधरा धंद्यांची नावं रोज येत. 'विसवाणिज्जे', विषाचा व्यापार, हा शब्द त्यांनी जन्मभर उच्चारला होता, आणि त्याबद्दल 'मिच्छामि दुक्कडं', माझं दुष्कृत्य मिथ्या होवो, असंही म्हटलं होतं. त्या दिवशी तो शब्द आला आणि त्यांनी माळ थांबवली. म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढं सोपं ते आपण करून ठेवलं, याची त्यांना फार लाज वाटली.

संवत्सरीचा दिवस उजाडला. पाण्याचा थेंबही न घेण्याचा उपास होता. पेठेतली जैनांची सगळी दुकानं बंद होती. दुपारी झमकूबाई जिना उतरल्या आणि नातीला म्हणाल्या, "बोरीला ने. क्षमा मागायची ती आधी तिथं."

दरवर्षी संवत्सरी झाली की कुंडलिकच दुकानी यायचा. झमकूबाई हात जोडायच्या, "वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा करा." तो मोठ्यानं हसायचा. "बाई, तुमी मुंगीला वाट देनारं मानूस. तुमचं काय चुकायचंय?" आणि चहा न घेताच निघायचा, कारण त्याची टोमॅटोची गाडी बाजारात उभी असायची.

या खेपेला तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. आदल्याच दिवशी पुण्याहून आला होता. बोलताना धाप लागत होती. झमकूबाई त्याच्यापुढं जमिनीवरच बसल्या. ठमाबाई सतरंजी आणायला धावली, तिला त्यांनी थांबवलं.

"कुंडलिकराव," त्यांनी हात जोडले, "माझं व्रत राहावं म्हणून तुमच्या घरात विष ठेवलं गेलं. कुठं जातं ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं, तरी तसंच टाकून गेले. माझं चुकलं. मला क्षमा करा."

कुंडलिक म्हणाला, "न्हाई, बाई."

"आवो!" ठमाबाई दचकली. "दारी आलेल्या मानसाला असं—"

"तू गप ऱ्हा." त्यानं दम घेतला. "बाई, मी तुमच्यावर आळ घेत न्हाई. डागदरला इचारलं, त्यो म्हनला, कशानं झालं ते सांगता यायचं न्हाई. मला साखर व्हती, बीपी व्हतं. औषिध मी माझ्या हातानं मोजलं, कुनी बळजबरी केली नव्हती. शेठचा माल म्हून इमानानं राखला. पन येवढ्या सालात तुमी येकदा तरी इचारायचं व्हतं, कुंडलिका, माल ठिवतो कुठं? आता माफी दिली, तर तुमी मोकळ्या व्हनार. मी कुठं मोकळा हाय? मी नाय दिनार."

झमकूबाईंनी मान खाली घातली. बरोबर होतं, आणि म्हणूनच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"सही केली का?" कुंडलिकानं विचारलं.

"नाही."

"का वो?"

"तो पैसा विषाचा आहे. मला वाटतं, तो हातात धरू नये."

कुंडलिक ताठ झाला. इतक्या अशक्त देहात एवढा राग कुठं शिल्लक होता कोण जाणे. "कुनाचा पैसा? आमचा हाय त्यो! आमच्या टमाट्याचा. बाजारातनं तुमच्या दुकानात गेला, दुकानातनं कंपनीत गेला, अन् आता कंपनी त्यातली चिमूट परत दितीया. दानधरम म्हना, न्हाईतर काय बी म्हना. मी त्यांच्या पाया पडाया जानार न्हाई, पन माझी मशीनबी सोडनार न्हाई. बाई, तुमच्या व्रतापाय माल माझ्या घरात आला. आता तुमच्या व्रतापाय मशीनबी जानार व्हय?"

आतून आदेश दारात येऊन उभा राहिला होता.

झमकूबाईंनी नातीकडं हात केला. रिद्धीनं पिशवीतून ठरावाचा कागद काढला. तो तिनं रोजच बरोबर बाळगला होता. मांडीवर पिशवी ठेवून, त्यावर कागद ठेवून झमकूबाईंनी सही केली. पिशवी मऊ होती, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं. मग भिंतीचा आधार घेत त्या उठल्या.

"आदेश, ती खोकी गाडीत घाल."

"कुठं न्यायचीत, आजी?"

"दुकानात. पुन्हा या घरात यायची नाहीत, आणि दुसऱ्या कुणाच्या घरात जायची नाहीत."

"दादी, आज संवत्सरी आहे," रिद्धी दबकत म्हणाली. तिच्याही नकळत तिचा आवाज खाली आला. "स्थानकावरून जावं लागेल. सगळे बाहेर उभे असतील."

"असू देत. विष आमचं आहे, ते आमच्या घरात असू दे. विकायचं की नाही ते पिंटूशी उद्या बोलेन. आज आधी इथून निघू दे."

आदेशनं खोकी उचलायला सुरुवात केली. झमकूबाईंनी त्याला थांबवलं, स्वतःचा रुमाल काढून दिला आणि हाताला गुंडाळायला लावला. डिकी भरली, मग मागची सीट भरली. राहिलेलं एक खोकं ठेवायला जागा नव्हती. "माझ्याशेजारी ठेव," त्या म्हणाल्या.

त्या पायरी उतरत होत्या, तेव्हा मागून कुंडलिकाची हाक आली. आवाजातला राग आता सरला होता. नुसता थकवा उरला होता.

"बाई, पुढल्या संवत्सरीला या. मशीन चालली अन् मी असलो, तर इचारा परत."

"येईन," झमकूबाई म्हणाल्या.

तोवर राहा, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण आपण आता त्याच्याकडं आणखी काही मागावं, एवढं आपलं तोंड नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुन्हा एकदा हात जोडले आणि गाडीत जाऊन खोक्याला खेटून बसल्या.